गाळणी टांगायची कुठे?

चाकणचे नाव निघाले की जुन्या माणसाला आधी संग्रामदुर्ग आठवतो आणि मग कांद्याचा बाजार. नव्या माणसाला मोटारी आठवतात. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, पिंपरी-चिंचवड-भोसरीची माळराने कारखान्यांनी भरली, आणि पुढे तीच ओढ नाशिक रस्त्याने इंद्रायणी ओलांडून चाकणला पोहोचली. १९९९ मध्ये बजाजचा आणि २००९ मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना इथे सुरू झाला. मोठ्या कारखान्याला लागणाऱ्या लहानसहान वस्तू मग आसपासच्या गावांत होऊ लागल्या. महाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी या बाजूला आज फिरून यावे. ज्या पडवीत पूर्वी बैल बांधलेले असत तिथे करवत फिरताना ऐकू येईल.

जमीन थोडी गेली, थोडी राहिली. दोन भावांपैकी एक शेती पाहतो आणि दुसरा घरामागे यंत्र मांडतो. कुणी पाइनच्या लाकडाची खोकी आणि पॅलेट ठोकतो, कुणी फर्निचरची कामे घेतो, कुणी ओतीव भागांच्या कडा ग्राइंडरवर घासून देतो. शेतीच्या उत्पन्नाला हा चांगला आधार आहे, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती धुळीबद्दल. कारखान्याची पाळी सुटली की कामगार धूळ मागे ठेवून घरी येतो. घरच्या वर्कशॉपात मात्र घर आणि कारखाना यांच्यामध्ये एका दाराचेच अंतर. भिंतीच्या पलीकडे चूल, गव्हाण आणि झोळीत निजलेले मूल.

मी शेतकी खात्याचा माणूस. शेतकी खात्याने खतांचे बोलावे, यंत्राच्या धुळीशी याचा काय संबंध, असे वाचक म्हणतील. पण अलीकडे शेतावर गेलो की माती परीक्षणाच्या गोष्टी ओट्यावर उरकतात आणि चहा येईपर्यंत यजमान ‘साहेब, जरा आमचं मशीन बघा’ म्हणून मागच्या अंगाला घेऊन जातो. तिथे छताला एक पेटी टांगलेली दिसते. आत पंखा, तोंडाला जाळीदार गाळणी. ‘एअर फिल्टर बसवलाय’ हे अभिमानाने सांगितले जाते, आणि पुढच्याच वाक्यात, ‘पण धूळ काही कमी होत नाही.’ बहुतेक ठिकाणी दोष पेटीत नसतो. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, असा तो प्रकार असतो.

दिसणारी धूळ, न दिसणारी धूळ

करवतीखाली पडलेला भुसा आपण झाडून घेतो आणि खोली स्वच्छ झाली असे मानतो. वस्तुतः तो भुसा त्यातल्या त्यात गरीब. जड असतो, खाली पडतो, केरसुणीला सापडतो. त्याच्याबरोबर पिठापेक्षाही बारीक अशी जी भुकटी उडते तिचा खरा त्रास. हे कण मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजतात. आपल्या डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. १० मायक्रॉनचा कण शांत हवेत दोन मीटर उंचीवरून जमिनीवर यायला दहा-अकरा मिनिटे घेतो. १ मायक्रॉनच्या कणाला त्याच प्रवासाला सोळा तासांच्या आसपास लागतात. संध्याकाळी सहाला यंत्र बंद केले तर तो कण दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत हवेत. आणि घरातली हवा कधी शांत असते? कुणी दार उघडले, कुणी झाडू मारला की बसलेलीही पुन्हा उठते. मोठा कण नाकात किंवा घशात अडकून शिंकेवाटे, खाकऱ्यावाटे बाहेर पडतो. बारीक कण थेट फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसतो आणि तिथून त्याला काढणारा कुणी नाही.

पाटीवरची दगडी पेन्सिल आपण सर्वांनी वापरली आहे, चोरून चावलीही आहे. मध्य प्रदेशातील मंदसौर भागात लहान लहान कारखान्यांत दगड करवतीने कापून या पेन्सिली बनवीत. त्या दगडाच्या धुळीत सिलिका असते. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने त्या कामगारांची तपासणी केली, तेव्हा सिलिकोसिस हा फुप्फुसाचा कधीही बरा न होणारा आजार त्यांच्यात मोठ्या प्रमाणावर आढळला, आणि आजाऱ्यांत ऐन उमेदीतली माणसे होती. ही हकिकत मी मुद्दाम सांगतो. कारण आपल्याकडे ओतकामाच्या भागाला साच्यातली वाळू चिकटून आलेली असते. ती ग्राइंडरवर घासली की उडते ती हीच सिलिका. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ १९९५ साली आणि अशी स्फटिकरूप सिलिका १९९७ साली, माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातली. चार खोकी ठोकली म्हणून कुणी घाबरून जाऊ नये. पण जो माणूस वर्षानुवर्षे रोज आठ तास त्या खोलीत उभा असतो, आणि ज्या घरातल्यांना त्याची उरलेली धूळ मिळते, त्यांनी ही गोष्ट हसण्यावारी नेऊ नये.

फुंकर आणि ओढ

घरी एक प्रयोग करून पाहावा. मेणबत्ती लावा आणि हातभर अंतरावरून फुंकर घाला. विझते. आता तेवढ्याच अंतरावरून श्वास आत ओढून ती विझवा. जन्मात विझणार नाही. फुंकलेली हवा सरळ दूरवर जाते. ओढलेली हवा मात्र चोहोबाजूंनी थोडी थोडी येते, म्हणून ओढीचा जोर लगेच संपतो. नळीच्या तोंडाचा व्यास जेवढा, तेवढ्या अंतरावर गेले की ओढ जेमतेम दहाव्या हिश्श्यावर येते. चार इंची नळी धुळीपासून चार इंच लांब धरली की तिची ताकद गेलीच म्हणून समजा. उलट फुंकलेला झोत व्यासाच्या तीसपट अंतर कापून मग दहाव्या हिश्श्यावर येतो.

यातून दोन गोष्टी निघतात. एक अशी की धूळ जिथे जन्मते तिथेच, यंत्राला अगदी चिकटून, ओढणारी नळी हवी. करवतीच्या पात्याखाली आणि पात्यावर झाकण, रंध्याला नळी, घासण्याच्या यंत्राला पिशवी. पिठाच्या गिरणीला कापडी पिशवी असते ती काही शोभेसाठी नसते. टांगलेल्या पेटीचे काम यानंतरचे. नळीच्या हातून निसटून हवेत गेलेली बारीक धूळ गोळा करण्याचे. नळीवरचा खर्च वाचवून आधी पेटी आणणे म्हणजे दावे न बांधता गोठ्याला कुलूप लावण्यासारखे आहे. दुसरी गोष्ट अशी की टांगलेल्या पेटीचे ओढणारे तोंड खोलीभरची धूळ आपल्याकडे खेचून घेईल ही आशा सोडून द्यावी. खोलीतली हवा फिरते ती पेटीच्या फेकणाऱ्या तोंडामुळे. तेव्हा पेटी टांगताना आधी विचारावे, हिचा झोत कुठे जाणार?

खळ्यावरचे शहाणपण

उफणणी करणाऱ्याला कुणी कॉलेजात शिकवले नव्हते. तरी वावडीवर चढला की तो वाऱ्याकडे तोंड करीत नाही. वारा अंगाला आडवा घेतो. दाणे पायाशी, भुसकट बाजूला. वारा पाठीवर घेतला तर आणखी चांगले असे वाटेल, पण तसे नाही. पाठीमागून आलेली हवा शरीराला वळसा घालून पोटापुढे भोवरा करते आणि बारीक धूळ नाकाशीच घुटमळत राहते. वर्कशॉपातही नियम हाच. धूळ आणि गाळणी यांच्या मध्ये माणसाचे तोंड येता कामा नये, आणि हवा त्याच्या एका कुशीकडून दुसऱ्या कुशीकडे गेली पाहिजे.

नेमकी हीच गोष्ट सर्रास उलटी होते. काम करण्याच्या ओट्याच्या बरोबर वर, माणसाच्या डोक्यावर पेटी टांगतात. दिसायला ठीक दिसते, दिव्यासारखी. पण मग धूळ ओट्यावरून निघून पेटीकडे जाताना वाटेत नाक लागते. आपणच तिला रस्ता करून दिल्यासारखे होते.

समजा खोली २० फूट लांब, १२ फूट रुंद आणि १० फूट उंच आहे. पेटी लांब भिंतीच्या कडेने, भिंतीपासून हातभर सोडून, तिला समांतर टांगावी. उंची जमिनीपासून साडेसात-आठ फूट. डोके आपटत नाही आणि गाळणी काढायला साधे स्टूल पुरते. एका आखूड भिंतीपासून सहा-सात फुटांवर, म्हणजे खोलीच्या लांबीच्या सुमारे तिसऱ्या हिश्श्यावर ती यावी. ओढणारे तोंड या जवळच्या आखूड भिंतीकडे आणि फेकणारे तोंड दूरच्या भिंतीकडे. आता झोत लांब भिंतीच्या कडेने धावतो, टोकाला वळतो, समोरच्या भिंतीने परत येतो आणि पुन्हा वळून पेटीच्या तोंडाशी पोहोचतो. मळणीचे बैल तिवड्याभोवती फिरत तशी हवा खोलीभर फिरते. घासकामाचा ओटा त्या जवळच्या आखूड भिंतीला लावावा. भिंतीकडे तोंड करून उभे राहिले की फिरती हवा आपोआप आडवी येते आणि ओट्यावरची धूळ उचलून, आपल्या नाकाला न शिवता, बाजूच्या पेटीकडे नेते.

पेटी कोपऱ्यात कोंबू नये. तिला दोन्ही बाजूंनी मोकळी हवा लागते. तिच्या झोताच्या वाटेत फळ्यांची थप्पी किंवा पोत्यांची उतरंड नको. छताचा पंखा काम चालू असताना बंद ठेवावा, कारण तो वरून मारा करून हा फेरा मोडतो आणि जमिनीवरची धूळ उठवतो. उन्हाळ्यात हे सांगणे सोपे, पाळणे कठीण, हे मला ठाऊक आहे.

निघोजेच्या बाजूला एका घरी पेटी टांगली होती ती माजघरात उघडणाऱ्या दारापाशी आणि झोत थेट दाराकडे. मुलाचा हिशेब असा की स्वच्छ हवा घरात जावी. घरातल्या आजीबाईंनी मला बाजूला बोलावून सांगितले, ‘साहेब, ह्ये धूड टांगल्यापासनं माझा देव्हारा रोज पांढरा व्हतोय. आधी दोन दिसांनी पुसत व्हते.’ आजीबाईंचे निरीक्षण बिनचूक होते. पेटीतून निघालेला झोत स्वच्छ असेल, पण तो दारापाशी पोहोचेपर्यंत आजूबाजूची न गाळलेली हवा आपल्याबरोबर ढकलीत नेतो. मुलाला पेटी समोरच्या भिंतीला हलवायला सांगितले, दाराला आपोआप मिटणारी स्प्रिंग आणि खालच्या फटीला रबराची पट्टी. शिवाय बाहेरच्या भिंतीत एक एक्झॉस्ट पंखा, म्हणजे हवेची ओढ घराकडून वर्कशॉपकडे राहील, वर्कशॉपकडून घराकडे नाही. त्या पंख्याचे तोंड गोठ्याकडे येत होते, ते बदलून घेतले. आपल्या भागात पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून आणि हिवाळ्यात बहुतांशी पूर्वेकडून, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. पंखा बसवताना मात्र त्याला ते आठवत नाही, एवढेच. पंधरा दिवसांनी पुन्हा त्या घरी गेलो तेव्हा आजीबाईंनी देव्हाऱ्याचा विषय काढला नाही, कांद्यावरच्या करप्याचा काढला. काय ते मी समजलो.

पेटी केवढी हवी?

हिशेब चौथीच्या मुलाला येईल असा आहे. खोलीची लांबी, रुंदी आणि उंची फुटांत गुणावी. वरच्या उदाहरणात २० × १२ × १० म्हणजे २,४०० घनफूट हवा झाली. पेटी मिनिटाला ४०० घनफूट हवा गाळीत असेल तर सहा मिनिटांत एक फेरा, तासाला दहा. तासाला सहा ते दहा फेरे झाले तर चालते. पण एका फेऱ्यात सगळी धूळ गेली असे समजू नये. गाळलेली हवा न गाळलेल्या हवेत मिसळत राहते, म्हणून पहिल्या फेऱ्यानंतरही साधारण ३७ टक्के धूळ शिल्लक असते. तीन फेऱ्यांनी ती ५ टक्क्यांवर येते. हे यंत्र थांबवल्यानंतरचे. यंत्र चालू असताना नवी भर पडतच असते. सबब काम संपवून दिवा मालवताना पेटीचे बटन बंद करू नये. ती पुढे तासभर चालू द्यावी आणि त्या वेळात घरातल्या पोरांना तिकडे फिरकू देऊ नये.

विकत घेताना कागदावरचा आकडा नव्या, कोऱ्या गाळणीचा असतो हे ध्यानात ठेवावे. गाळणी तुंबून हवा निम्मी झाली की सहा मिनिटांचा फेरा बारा मिनिटांचा होतो. गावातल्या पत्राकाम करणाऱ्याकडून पेटी बनवून घेण्याचीही पद्धत आहे, आणि ती वाईट नाही. अमेरिकेत २०२० साली, करोनाच्या काळात, रिचर्ड कॉर्सी आणि जिम रोझेंथाल या दोघांच्या कल्पनेतून घरगुती पंख्याला चारी बाजूंनी गाळण्या चिकटवून अशीच खोकी बनली आणि शाळांच्या वर्गांत वापरली गेली. यातले मर्म असे की साध्या पंख्याला दम कमी असतो. एकच लहान आणि दाट गाळणी लावली की तो गुदमरतो. घड्या घातलेली, भरपूर क्षेत्रफळाची गाळणी लावली तर तोच पंखा सुखाने चालतो. मोटर बंद खोक्याची घ्यावी, अर्थिंग नीट असावे, आणि पेटी कुजक्या वाशाला किंवा नुसत्या पत्र्याला न टांगता लोखंडी अँगलला बोल्टने आवळावी.

जागा बरोबर आहे की नाही हे पाहायला विजेरी पुरते. रात्री दहा मिनिटे घासकाम करून यंत्र थांबवावे, पेटी चालू ठेवून दिवे मालवावेत आणि विजेरीचा झोत आडवा धरावा. कवडशात दिसते तशी धूळ तरंगताना दिसेल. ती कुणीकडे सरकते ते पाहत खोलीभर फिरावे. कुठे जागच्या जागी गिरक्या घेत असेल तर तिथे हवा पोहोचत नाही. पेटी फूट-दोन फूट सरकवून पुन्हा पाहावे. उदबत्तीच्या धुराने हे चांगले कळते असे काहीजण सांगतात. भुशाच्या खोलीत निखारा नेण्याची ही युक्ती मला पसंत नाही.

विस्तवावरून आठवले. ग्राइंडरच्या ठिणग्या आणि लाकडाची भुकटी एका नळीत, एका पेटीत कधीही जाऊ देऊ नये. पिशवीत साठलेली भुकटी आतल्या आत धुमसत राहते आणि रात्री पेटते. ॲल्युमिनियमची भुकटी तर स्वतःच भडकणारी; तिच्यासाठी ही साधी पेटी वापरूच नये. वेल्डिंगचा धूर, रंगाचे थिनर यांचा वास घेऊनही लोक पेटीकडे आशेने पाहतात. तिची गाळणी कण अडवते, वायू अडवीत नाही. तिथे हवा बाहेर काढणे हाच इलाज.

पेटी आली म्हणून तोंडावरचा मास्क सोडू नये. उपरण्याने भुसा अडतो, भुकटी नाही. एन-९५ प्रकारचा, नाकाशी नीट बसणारा मास्क घासकामाच्या वेळी हवाच. काम झाल्यावर कॉम्प्रेसरच्या हवेने कपडे झटकण्याची जी खोड सगळीकडे दिसते ती मोडावी. दिवसभर गोळा केलेली धूळ त्या एका फुंकरीत पुन्हा हवेत जाते. कपडे वर्कशॉपातच बदलावेत आणि तेच कपडे घालून लेकराला कडेवर घेऊ नये.

ट्रॅक्टरच्या एअर क्लीनरची वाटी धुऊन तेल बदलायला आपण विसरत नाही, कारण इंजिन महाग. पेटीची बाहेरची गाळणी तशीच आठवड्याला काढावी, घरापासून लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला नेऊन हलक्या हाताने झटकावी. झटकणाऱ्याने मास्क लावावा. आतली घड्यांची गाळणी कागदाची असेल तर तिला पाणी लावू नये. काळवंडली, फाटली की नवी घालावी. हे काम घरातल्या सुनेच्या गळ्यात टाकण्याची पद्धत आहे. ज्याने धूळ केली त्याने ते करावे.

राहिला गोळा झालेला भुसा. निव्वळ लाकडाचा, कोरडा भुसा गोठ्यात जनावरांखाली अंथरायला आणि कोंबड्यांच्या गादीला चांगला. प्लायवूड आणि एमडीएफची भुकटी मात्र नाही. त्यांत फॉर्माल्डिहाइडची राळ असते आणि ती बारीक भुकटी जनावराच्याही छातीत जाते. परदेशी मालाबरोबर आलेल्या पॅलेटवर शिक्का असतो. ‘एचटी’ म्हणजे लाकूड तापवून निर्जंतुक केलेले, ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेले. दुसऱ्या प्रकारचे, तसेच तेलकट किंवा रंग दिलेले फळकूट चुलीत घालू नये आणि त्याचा भुसा गोठ्यात नेऊ नये. शेतात टाकायचा झाला तर चांगला भुसाही कच्चा टाकू नये. कुजताना तो जमिनीतले नत्र ओढून घेतो आणि पीक पिवळे पडते. शेणाच्या खड्ड्यात थरांनी, थोडा थोडा, मूत्र शिंपीत घालावा आणि पुरता काळा पडून मोडू लागला की मगच कांद्याच्या वाफ्यात न्यावा.